स्कायलाइन ड्राइव्हवर सायकलने: १०५ मैलांच्या घाटरस्त्याचं नियोजन

व्हर्जिनियातल्या शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात ब्लू रिज डोंगररांगेच्या माथ्यावरून उत्तर-दक्षिण जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा, म्हणजे १६९ किलोमीटरचा आहे. उत्तरेचं टोक फ्रंट रॉयल गावाशी, वॉशिंग्टनपासून साधारण ७० मैलांवर. त्यामुळे फेअरफॅक्स, हर्नडन, ॲशबर्न भागातल्या मराठी सायकलवाल्यांना हा रस्ता जवळचा. मुलांकडे राहायला आलेले पुण्या-नाशिकचे सायकलपटूही उन्हाळ्यात त्याची चौकशी करतात.

पुणे-महाबळेश्वर-पुणे केलेल्या माणसाला १६९चा आकडा किरकोळ वाटतो. फसगत तिथेच होते. कात्रज, खंबाटकी आणि पसरणी या घाटांच्या मधे पाय मोकळे करायला सपाट रस्ता मिळतो. इथे तो जवळपास नाहीच. रस्ता डोंगराच्या कण्यावरून धावतो. प्रत्येक खिंडीत उतरायचं, लगेच पुन्हा चढायचं. एका दिशेची एकूण चढाई १०,००० फुटांहून अधिक, म्हणजे ३,००० मीटरच्या वर भरते. तेव्हा आखणी किती मैल जायचं इथून सुरू करू नका. किती चढायचं, पाणी कुठे आहे आणि बाहेर पडायला रस्ता कुठे आहे, हे तीन प्रश्न आधी सोडवा.

वेळेचा हिशेब

इथले बहुतेक चढ ४ ते ६ टक्क्यांचे आहेत. सिंहगडासारखी छाती फोडणारी वळणं नाहीत, पण चढ लांबतात. समजा तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो आहात. ५ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जायला साधारण १३५ वॅट लागतात. बऱ्यापैकी सराव असलेल्या माणसाला ते तासन्‌तास जमतं. ताशी १० किलोमीटर आणि ५ टक्के चढ म्हणजे तासाला ५०० मीटर उंची. ३,२०० मीटर चढाईला नुसते साडेसहा तास जातात आणि तेवढ्यात अंतर कापलं जातं ६४ किलोमीटर. उरलेले १०५ किलोमीटर उताराचे आणि कमी-जास्त चढउताराचे. ते ताशी ३५ने धरले तरी आणखी तीन तास. थांबे, पाणी, खाणं, एखादं पंक्चर यांना दोन तास ठेवा. बेरीज साडेअकरा तासांवर जाते.

आता हे दिवसाच्या उजेडाशी ताडून पाहा. जूनमध्ये इथे जवळजवळ पंधरा तास उजेड असतो, त्यामुळे एका दिवसात पूर्ण रस्ता शक्य आहे. ऑक्टोबरच्या मध्याला मात्र उजेड अकरा तासांच्या आसपास येतो. पानगळीचे रंग पाहत एका दिवसात १०५ मैल, हा बेत बहुतेकांसाठी कागदावरच कोसळतो. दोन दिवसांची राईड असेल आणि सामानाचे पाच किलो वाढले, तर चढावरचा वेग साधारण सहा टक्क्यांनी घटतो. तोही वेळ धरा.

कुठून कुठपर्यंत

रस्त्याला बाहेर पडायच्या जागा चारच आहेत (गॅप म्हणजे खिंड, यूएस म्हणजे महामार्गाचा क्रमांक): मैल ० फ्रंट रॉयल, मैल ३१.५ थॉर्नटन गॅप (यूएस २११), मैल ६५.५ स्विफ्ट रन गॅप (यूएस ३३) आणि मैल १०५ रॉकफिश गॅप. मधे काहीही बिघडलं तरी डांबरी रस्त्याने निघायचं ते यांपैकीच एका ठिकाणाहून. उद्यानात बस किंवा शटल नाही, म्हणून राईड एक तर जाऊन-येऊन करायची किंवा दुसऱ्या टोकाला गाडी ठेवायची.

पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही थॉर्नटन गॅप ते बिग मेडोज (मैल ५१) आणि परत, असं सुचवतो. येऊन-जाऊन सुमारे ४० मैल, ६३ किलोमीटर. खिंड २,३०० फुटांवर आहे आणि तिथून दहा मैलांत रस्ता स्कायलँडजवळ ३,६८० फुटांवर पोचतो. या रस्त्याचा हाच सर्वोच्च बिंदू. सलग चढ, बोगदा, उंचावरचा वारा, सगळा नमुना अर्ध्या दिवसात पाहायला मिळतो. थकलात तर परतीच्या शेवटी याच दहा मैलांचा उतार हाती असतो.

फ्रंट रॉयलहून एल्कवॉलो (मैल २४.१) आणि परत हे ४८ मैल, ७७ किलोमीटर दिसायला तेवढंच सोपं आहे, पण जास्त दमवतं. सुरुवातच सहाशे-सातशे फुटांवरून होते आणि पहिल्या ४.६ मैलांत डिकी रिजच्या माहिती केंद्रापर्यंत १,९४० फूट गाठायचे असतात. अंग तापायच्या आत पाच टक्क्यांचा चढ अंगावर येतो, म्हणून गावात पंधरा-वीस मिनिटं सपाटीला सायकल फिरवून मगच फाटकाशी या. पुढे हॉगबॅक (मैल २०.८) ३,३८५ फुटांवर आहे. तिथून एल्कवॉलोला जाताना जवळपास हजार फूट उतरायचं, आणि परतताना भरल्या पोटी तेच हजार फूट चढायचे. ज्याला हे माहीत नसतं तो एल्कवॉलोला बर्गर खातो आणि हॉगबॅकच्या चढावर पस्तावतो. तिथे हलकं खा. पोटभर जेवण फ्रंट रॉयलला परतल्यावर.

संपूर्ण रस्ता दोन दिवसांत करायचा तर मुक्काम बिग मेडोजला. पहिला दिवस ५१ मैल, दुसरा ५४. लॉज आणि तंबूची जागा आधी आरक्षित करावी लागते, आणि ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारसाठी हे काम काही महिने आधीच उरकलेलं बरं. तंबूत राहणार असाल तर अस्वलांचा नियम पाळा: खाणं, टूथपेस्ट, साबण, वास येणारं काहीही तंबूत ठेवायचं नाही. गाडीवाले ते गाडीत बंद करतात. सायकलवाल्याकडे गाडी नसते, म्हणून आरक्षण करताना खाणं ठेवायच्या लोखंडी पेटीची सोय आहे का, हे विचारून घ्या.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. मैलाचे दगड रस्त्याच्या पश्चिम बाजूला आहेत, दक्षिणेला जाताना ते उजव्या हाताला, म्हणजे तुमच्याच कडेला येतात. पश्चिमेचे ओव्हरलुक, म्हणजे दृश्य बघायला थांबायच्या जागा, त्याही त्याच बाजूच्या, तिथे वळायला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. सायकलवरचा कॉम्प्युटर मात्र त्या दिवसापुरता मैलांवर लावा. उद्यानातली प्रत्येक जागा मैलाच्या आकड्यानेच सांगितली जाते. मदत मागतानाही तोच आकडा द्यावा लागतो, आणि दमलेल्या डोक्याला १.६ने गुणायला लावू नये.

पाणी आणि खाणं

उत्तरेकडून पाण्याची ठिकाणं, मैलाच्या आकड्यासह, अशी: डिकी रिज ४.६, एल्कवॉलो २४.१, स्कायलँड ४१.७, बिग मेडोज ५१, लुईस माउंटन ५७.५, लॉफ्ट माउंटन ७९.५. सगळी हंगामी. नोव्हेंबरच्या अखेरीपासून वसंतापर्यंत बहुतेक बंद असतात आणि नळही थंडीत बंद करतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणतं चालू आहे ते बघा. मार्चमध्ये कडक ऊन पडलं तरी उपाहारगृह उघडं असेलच असं नाही.

खरी कोरडी पट्टी दक्षिणेला आहे. लुईस माउंटन ते लॉफ्ट माउंटन २२ मैल आणि लॉफ्ट ते रॉकफिश गॅप २५.५ मैल. स्विफ्ट रन गॅपला रस्ता २,३०० फुटांच्या आसपास खाली येतो आणि लगेच वर चढायला लागतो, तेही बहुतेकांच्या बाबतीत दुपारी. जुलैच्या उन्हात तासाला ६०० ते ७५० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या दोन-अडीच तासांत रिकाम्या. या पट्ट्याला तिसरी बाटली हवीच, खिशात का होईना. रस्ता माथ्यावरून जात असल्याने ओढे खाली दरीत राहतात, वाटेत पाणी भरू हा विचार सोडा. कुठे झरा दिसलाच तरी गाळल्याशिवाय किंवा गोळी टाकल्याशिवाय पिऊ नका.

खाण्याचं प्रमाण तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. जेलची पाकिटं चालतात, पण सहा तास गोड चिकट खाऊन जीभ विटते. गूळ-तुपाची पोळी गुंडाळून चार तुकड्यांत फॉइलमध्ये बांधली तर चढावर एका हाताने खाता येते आणि उन्हात वितळत नाही. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट, पण तिच्यात तेल जास्त. चढाच्या ऐन मधे ती जड पडते, म्हणून ओव्हरलुकवर थांबून खायला ठेवा. खजूर कुठेही चालतात. मिठाचं काहीतरी सोबत हवं: इलेक्ट्रॉलची पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या पाण्याच्या मापातच ती विरघळवा, एका बाटलीत अख्खी पुडी नको. बिग मेडोजला ब्लॅकबेरी आइसक्रीम पाय मिळतो, त्याची कीर्ती मोठी आहे. तो मुक्कामाच्या संध्याकाळी खावा.

सायकल

पुढे ५०/३४ दात्यांची कॉम्पॅक्ट क्रँक (पेडलजवळच्या चकत्या) आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ची कॅसेट (मागच्या चाकाच्या चकत्या) असली की निभतं. ३४ला ३२ लावून मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ८ किलोमीटर पडतात. जुन्या ३९/२५ गिअरला त्याच फेऱ्यांत १२ जायला लागतं, आणि वर मांडलेल्या ८५ किलोंना तेव्हा १६५ वॅट मोजावे लागतात. तासभर निघतात, सहा तास निघत नाहीत. मग फेऱ्या ४५वर येतात आणि गुडघे बोलू लागतात.

गाडीच्या कॅरियरवरून किंवा विमानातून सायकल आणली असेल तर मागचा डिरेल्युर हँगर (गिअर बदलणारा डिरेल्युर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा) वाकलाय का, हे फ्रंट रॉयलच्या पार्किंगमध्येच तपासा. सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकून चाक हाताने फिरवा. डिरेल्युरचा पिंजरा आऱ्यांना घासत असेल किंवा चेन पलीकडे पडायला बघत असेल, तर हँगर सरळ करून लिमिट स्क्रू (डिरेल्युर किती सरकेल ते ठरवणारा) लावल्याशिवाय निघू नका. ही चूक सपाटीवर कळत नाही, पहिल्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की कळते, आणि तेव्हा आरे आणि डिरेल्युर दोन्ही जातात.

टायर २८ मिलिमीटरचे, ८५ किलोंना मागे ७५-८० आणि पुढे ७० पीएसआयच्या आसपास. दोन ट्यूब, पॅचेस, पंप, चेनची क्विक लिंक, मल्टिटूल. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचं मटेरियल मिलिमीटरच्या खाली असेल तर आधीच बदला. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले धातूचे कण टोकदार सुईने काढा, नाही तर लांब उतारावर ते रिम खरवडत राहतात.

भारतातून आलेल्यांनी भाड्याची सायकल घेतली तर एक गोष्ट दुकानातच बघून घ्यावी. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत तो डाव्या हाताला. सपाटीवर फरक जाणवत नाही. उतारावर समोर हरीण आलं की हात सवयीने दाबतो, आणि सवयीने दाबलेला मागचा ब्रेक म्हणून तुम्ही पुढचा आवळून बसता. दुकानदाराला तारा अदलाबदल करून द्यायला सांगा. हायड्रॉलिक डिस्क असेल तर ते दोन मिनिटांचं काम नसतं, म्हणून एक दिवस आधी सायकल ताब्यात घ्या आणि गल्लीत तासभर ब्रेक मारून हात लावून घ्या. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, हेही त्याच तासात अंगवळणी पाडा. ओव्हरलुकवरून पुन्हा रस्त्यावर येताना चुकून डावी बाजू पकडली जाते.

नियम, बोगदा आणि धुकं

सायकलवरून येणाऱ्याला प्रवेश माणशी १५ डॉलर, सात दिवस चालतो. गाडीला ३० डॉलर. पास आणि ओळखपत्र खिशात ठेवा. सायकल फक्त डांबरी रस्त्यावर, पायवाटांवर आणि कच्च्या रस्त्यांवर पूर्ण बंदी. एकामागे एक चालायचं, गप्पा मारायला शेजारी यायचं नाही. वेगमर्यादा ताशी ३५ मैल, ५६ किलोमीटर, ती सायकललाही लागू आहे आणि हॉगबॅकच्या उतारावर ती सहज ओलांडली जाते.

मैल ३२च्या सुमारास मेरीज रॉक बोगदा लागतो, सुमारे २०० मीटर लांब. आत दिवे नाहीत. पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर लागतो, धुक्यात आणि अंधारातही तोच नियम. आम्ही म्हणू की मागे रिफ्लेक्टरवर भागवू नका, दिवाच लावा. थॉर्नटन गॅपहून दक्षिणेला जाताना बोगदा चढावर येतो, म्हणजे ताशी १०ने तुम्ही सव्वा मिनिट अंधारात असता, आणि मागून येणाऱ्या चालकाचे डोळे अजून बाहेरच्या उन्हातलेच असतात. दिवे खिंडीतच लावा. काळा चष्मा तोंडाशी येण्याआधी काढा, आत शिरल्यावर काढायला हात मोकळा नसतो. आत पाणी झिरपतं, थंडीत त्याचा बर्फ होतो.

रस्त्याला डांबरी कडा नाही, दोन लेन आणि बाजूला गवत किंवा दगडी कठडा. व्यापारी ट्रक इथे येत नाहीत, हे मोठं सुख. धोका असतो तो दृश्य बघत चालवणाऱ्यांचा. डावीकडच्या ओव्हरलुकमध्ये वळणारी गाडी तुम्हाला बघतेच असं समजू नका. पुढे गाड्या मधेच उभ्या दिसल्या तर बहुधा अस्वल आहे. तिथे गाड्यांच्या फटीतून पुढे घुसू नका, थांबा आणि त्याला जाऊ द्या. घरची मंडळी गाडी घेऊन सोबत असतील तर त्यांनी मागे पिवळे दिवे लुकलुकवत हळूहळू येऊ नये. मागे रांग साचते आणि वैतागलेला कुणीतरी वळणावर ओव्हरटेक करतो. त्यांना पुढच्या ओव्हरलुकचा मैल सांगा आणि तिथे थांबायला लावा.

उतारावर सतत ब्रेक घासत राहू नका, रिम तापते. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा. ताशी ५०ने येताना कोरड्या रस्त्यावर थांबायला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, चाळीसेक मीटर लागतात, ओल्यावर याहून बरेच जास्त. झाडांच्या सावल्यांच्या नक्षीत खड्डा दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये ओली पानं आणि ओकची गोल फळं वळणाच्या आतल्या बाजूला साचतात, त्यांवर पुढचं चाक सुटतं. पहाटे आणि संध्याकाळी हरणं रस्त्यावर असतात. एक गेलं म्हणजे मागे दुसरं आहे असंच धरा.

माथ्यावर खोऱ्यापेक्षा साधारण पाच-सहा अंशांनी गार असतं. चढाला घाम आलेला आणि पुढे वीस मिनिटं उतार, म्हणून जूनमध्येही वाऱ्याचं पातळ जॅकेट हवं. ऑक्टोबरला आर्म वॉर्मर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे लागतात, बोटं बधिर झाली तर ब्रेक नीट दाबला जात नाही. उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस येतो, तेव्हा सकाळी सहा-साडेसहाला फाटक ओलांडलेलं असावं. खाली स्वच्छ ऊन असताना वर धुकं असू शकतं. दिव्याच्या उजेडापलीकडे काही दिसत नसेल तर ओव्हरलुकवर थांबा. पाच मिनिटांत विरलं नाही तर जवळच्या खिंडीतून बाहेर पडायचा विचार करा.

महिन्यांचं बोलायचं तर मे, जूनचा पहिला भाग आणि सप्टेंबर, तेही मंगळवार ते गुरुवार. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातले शनिवार-रविवार सायकलसाठी वाईटच. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत शिकारीच्या हंगामामुळे उत्तरेचा आणि दक्षिणेचा भाग संध्याकाळी पाच ते सकाळी आठ बंद असतो. बर्फ पडला किंवा झाडं कोसळली तर रस्ता कधीही बंद होतो.

मोबाइलची रेंज तुटक आहे, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. परतीची वेळ घरी लिहून ठेवा, आणि ती उलटून दोन तास गेले तर उद्यानाला कळवायचं असं ठरवा. उद्यानाचा आपत्कालीन क्रमांक १-८००-७३२-०९११.

रॉकफिश गॅपला रस्ता संपतो आणि तिथूनच ब्लू रिज पार्कवे सुरू होतो, शिवाय आंतरराज्य महामार्गही याच खिंडीतून जातो. वेन्सबरो गाव इथून खाली पश्चिमेला, चार-पाच मैलांवर. यूएस २५०ने उतरता येतं, पण दिवसभराच्या शांततेनंतर वेगवान गाड्यांमध्ये शिरायचं असतं. न्यायला गाडी येणार असेल तर ती गावात न बोलावता खिंडीतच बोलवा, आणि उशीर होईल असं धरून चालकाला स्वेटर आणि खाणं सोबत ठेवायला सांगा.